बंदुकीचा वाटा

बंदुकीलाही वाटा असतो, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. अलोऱ्याजवळच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्हाला चार दिवस झाले होते. घरमालकांनी खळ्यात फणस फोडला, गरे काढले आणि केळीच्या पानांवर वाटे घातले. मी सवयीने मोजले. घरात ते आणि काकू अशी दोन माणसं, आम्ही दोघं, शेजारची म्हातारी एक. एकूण पाच. पानं सहा होती.

"काका, एक पान जास्त झालं," मी म्हणालो.

"जास्त न्हाय. तो बंदुकीचा वाटा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी सहावं पान उचललं, आत माजघरात नेलं, भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडव्या टांगलेल्या एका लांब खोळीसमोर क्षणभर धरलं आणि आणून माझ्या बायकोच्या हातात दिलं. "तिचा वाटा भाडेकरूला जातो. आधीपासनं तसंच हाय."

पुढची अकरा वर्षं मी त्या बंदुकीच्या वाट्यावर फणस, काजूगर, खेकडे, नारळाच्या वड्या आणि गौरीचे घावन खाल्ले. ती बंदूक कोणाची आणि तिचा वाटा का, हे मात्र तुकड्यातुकड्यांनी समजलं.

काकांच्या वडिलांच्या काळात चिपळूणला एक डॉक्टर होते. दिवसा दवाखाना, आणि कुठल्या वाडीत बिबट्याने गुरं मारायला सुरुवात केली की निरोप डॉक्टरांना. घाटाखालच्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा नेम नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात. काकांचे वडील त्यांचे हाकारी, म्हणजे रान उठवणारा माणूस. शिकार झाली की वाटे पडत. हाकाऱ्यांचा एकेक, कुत्र्यांचा एक, ज्याच्या शेतात जनावर पडलं त्याचा एक आणि बंदुकीचा एक. तो बंदूकवाल्याने घ्यायचा. डॉक्टर तो कधी घेत नसत, हाकाऱ्यांतल्या सगळ्यांत गरिबाला देत.

एकदा जखमी बिबट्या सरळ डॉक्टरांवर आला. बार भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यात घातला आणि काकांच्या वडिलांनी मागून काठीने जनावर हाकललं. दस्त्यावर दोन दातांच्या खुणा राहिल्या. त्या मी मोजल्या आहेत. एक अडीच सूत खोल, दुसरी दीड. पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली, शिकारीवर बंदीही आली, तेव्हा रीतसर परवाना करून ती दुनळी त्यांनी काकांच्या वडिलांना दिली. वडिलांच्या मागे ती काकांकडे आली.

काकांनी ती आयुष्यात कधी उडवली नव्हती. शेतसंरक्षणाचा परवाना होता, शेतात डुकरं येत होती, पण काका पत्र्याचा डबा बडवत. माणूसच तसा. घरात उंदीर पिंजऱ्यात सापडला की पिंजरा घेऊन नदीच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि पलीकडे सोडून यायचे. "त्याला पोहता येतं," मी एकदा म्हणालो. "येऊ दे की. दमून आला तर राहील," ते म्हणाले.

सकाळी उठले की आधी खळ्यात उभं राहून बोट ओलं करून वारा बघायचे. मग आत जाऊन खोळीला सांगायचे, "खालचा वारा हाय. ढग हायत. आज निघायचं न्हाय." डॉक्टर रोज सकाळी त्यांच्या वडिलांना वारा विचारत असत, त्याची ही चालू राहिलेली पद्धत. मी धरण प्रकल्पाच्या कार्यालयात पाण्याच्या पातळ्या आणि हवामानाच्या नोंदी ठेवायचो. एक महिना मी काकांचा वारा आमच्या नोंदींशी पडताळून पाहिला. तीसपैकी सव्वीस दिवस जुळला. उरलेले चार दिवस आमचं यंत्र बंद होतं.

खोळ काकूंच्या जुन्या लुगड्याची असे आणि तोंड शिवलेलं असे. वर्षातून एकदा, दसऱ्याला, टाके उसवायचे, बंदूक खोबरेल तेलाने पुसायची, फूल वाहायचं आणि नवी खोळ शिवायची.

"माझं लुगडं फाटायची वाट बघत असतात," काकू सांगायच्या. "मला कधी विचारलंनी न्हाय, बाई गो, तुला नवं हवं का. पण ह्या खोळीतल्या डॉक्टरीणबाई उघड्या राहता कामा नयेत."

"तुला थंडी वाजली तर तू सांगशील," काका म्हणायचे. "ती काय सांगणार?"

एका दसऱ्याला डॉक्टरांचा नातू पुण्याहून गाडी घेऊन आला. चांगला माणूस. काकांनी त्याला आधी हात धुवायला लावले. त्याने दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं, मग बंदूक खांद्याला लावली. दस्त्यावर डॉक्टरांचा गाल टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली आहे, नातवाचा गाल बरोबर तिथे गेला. काका बघत होते. "बसला," ते हळूच म्हणाले. चहा झाल्यावर त्याने भीत भीत विचारलं, विकाल का.

"तुमच्या आजोबांनी दिली ती, विकली न्हाय. मी कशी विकू?" काका म्हणाले. "तुम्ही दर दसऱ्याला या. गाल लावा आणि जा."

तो येतो.

काकांचं एक वाक्य मात्र मला फारच काव्यमय वाटायचं. "उजवी बोलते, डावी गाते." लहानपणी वडिलांबरोबर रानात असताना त्यांनी दोन्ही नळ्यांचे बार ऐकले होते. उजव्या नळीचा बार सरळ, डाव्या नळीच्या बाराला मागून भांड्यावर टिचकी मारल्यासारखा सूर. मी विचारलं, किती वेळा ऐकलंत? म्हणाले, आठ-नऊ वेळा. किती वर्षांपूर्वी? साठेक वर्षं झाली असतील. साठ वर्षांपूर्वीच्या आठ-नऊ आवाजांवर मी फार भरवसा ठेवू शकत नव्हतो. तसं बोललोही.

"तुम्ही आकडेवाले," काका म्हणाले. "तुमच्या आईची हाक तुम्ही किती वेळा मोजलीत?"

निवडणूक लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तसा एक उन्हाळा आला. काकांनी खोळीसकट बंदूक नेऊन दिली आणि मग दर सोमवारी बाजारासाठी म्हणून गेले की ठाण्यात डोकावू लागले.

"कशी हाय?" ते हवालदारांना विचारायचे.

"मजेत आहे, काका. काल जेवली नाही म्हणा," हवालदार सांगायचे.

घरी रिकाम्या खुंट्यांना वारा सांगणं चालूच होतं.

परत आणायला मी बरोबर गेलो. आषाढ होता, ठाण्याच्या त्या खोलीला ओल आलेली. नियमाप्रमाणे जमा करताना बंदुका खोळीतून काढून, चिठ्ठ्या बांधून, एका लाकडी घोडीवर ओळीने उभ्या केल्या होत्या. गेल्या खेपेला खोळ उघडी मिळाली म्हणून काका ठाण्यात जेवायच्या वेळेपर्यंत कुरकुरत बसले होते. ते आठवून हवालदारांनी या वेळी आधीच बंदूक खोळीत घालून तोंड शिवून ठेवलं होतं. टाके बारीक, सरळ होते. काका खूश झाले.

मी म्हणालो, "क्रमांक बघून घेऊ. उसवावं लागेल."

"दसऱ्याशिवाय उसवायची न्हाय."

"काका, दोन मिनिटं."

"अकरा वर्षं तिच्या वाट्याचं जेवताय आणि आता तिचा नंबर मागताय?"

हवालदार हसले. मी साक्षीदार म्हणून सही केली. न पडताळता केलेली ती माझ्या आयुष्यातली एकमेव सही.

भाद्रपद सरत आला होता. हळवं भात दाण्यावर आलं होतं आणि डुकरं सुटली होती. दिवेलागणीला मी आणि काका पडवीत बसलो होतो. नदीपलीकडच्या वाडीतून एक बार ऐकू आला. डुकरं पळवायला कोणीतरी हवेत उडवला असणार, म्हणून मी लक्षही दिलं नाही. लगेच दुसरा आला.

काका उभे राहिले.

"आपली हाय," ते म्हणाले.

"काका, आपली आत आहे. खोळीत."

"मग आत कोण हाय?"

 काका माजघरात गेले, खुंट्यांवरून खोळ काढली आणि मांडीवर घेऊन बसले. उसवायला मात्र हात होईना. दसऱ्याला अजून अठरा दिवस होते.

"उसवा हो," काकू म्हणाल्या. "आपली असेल तर मीच माफी मागते तिची. आणि नसेल तर परक्या बाईला घरात ठेवून घेऊन काय करताय?"

टाके मी कापले. आतून दुनळी निघाली. त्याच घाटाची, त्याच वयाची. दस्ता कोरा होता, एकही दात नाही. क्रमांक मला पाठ होता, शेवटचे दोन आकडे वेगळे होते.  

"म्हंजे," काका म्हणाले, "आषाढापासनं मी भलतीलाच वारा सांगत होतो."

काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मग काकाही हसले.

सकाळी आम्ही पूल ओलांडून गेलो. कोणी बार काढला हे विचारत विचारत एका घरी पोहोचलो. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून गावी आलेला साठीचा माणूस, आता शेती करणारा. दाराआड एक छत्री, एक कोयती आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांची बंदूक टेकून ठेवली होती. काकांनी डोळे मिटून घेतले.

"बंदूक बदलली आहे हे तुम्हाला कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं ना," तो म्हणाला. "आमची पहिल्या बाराला कधी उडायची नाय. ही उडाली. म्हटलं, पोलिसांनी दुरुस्त करून दिली."

"आणि ह्या खुणा?" काकांनी दस्ता पुढे केला.

"त्या होय. मला वाटलं ठाण्यात उंदीर फार आहेत."

काकांनी त्याला बिबट्याची हकिकत सांगितली, पहिल्यापासून. तो माणूस ऐकता ऐकता उठला, आत जाऊन हात धुवून आला आणि मग बंदुकीला हात लावला. त्यानंतर काकांचं त्याच्याबद्दलचं मत बदललं.

"मग काय," तो म्हणाला, "तुमची तुम्ही न्या, आमची आम्हाला द्या. कोणाला सांगायचं कशाला?"

बंदूक काकांच्या मांडीवर होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं.

"ठाण्याच्या वहीत चुकीची नोंद आहे," मी म्हणालो. "माझी सही आहे तिच्यावर. आपण कळवलं पाहिजे."

"ठाण्यात गेली तर मुद्देमाल होईल. मग चौकशी. मुद्देमाल म्हंजे गंज, आकडेवाले. मी अठ्ठ्याहत्तरचा हाय. किती वर्षं चौकशी चालेल, तुमीच आकडा सांगा."

 ते म्हणत होते ते अशक्य नव्हतं. खरं सांगायचं, तर त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे ती वही.

काका मांडीवरच्या दस्त्यावर बोट फिरवत बसले होते. मग आपल्याशीच बोलावं तसे बोलू लागले. "डॉक्टरांच्या हातनं एकदा झाडीत म्हैस मेली. कुणी बघितलं नव्हतं. बाबा म्हणाले, चला, निघू. डॉक्टर म्हैसवाल्याच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, तुझी म्हैस मी मारली, आता काय करायचं ते सांग." ते उठले. "त्याच बंदुकीनं मारलेली. चला, अर्ज लिहा."

आम्ही तिघं गेलो, तेव्हा ठाण्यात नवीन फौजदारबाई आल्या होत्या. दोन्ही बंदुका टेबलावर, दोन्ही परवाने, माझा अर्ज. हवालदार दारात उभे होते, चेहरा उतरलेला. चिठ्ठ्यांची शाई ओलीने पसरली होती आणि नेमक्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोन बंदुका त्यांनी उलटसुलट केल्या होत्या.

बाईंनी अर्ज वाचला. "बदल आवाजावरून लक्षात आला, असं लिहिलंय. क्रमांकावरून लिहा ना. वर पाठवायला सोपं जातं."

"क्रमांकावरून ह्यांच्या लक्षात आला," काका म्हणाले. "माझ्या आवाजावरनं. मी खोट्यावर सही करायचो न्हाय."

"काका, आवाजावरून बंदूक कशी ओळखता येईल?"

"उजवी बोलते, डावी गाते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज ओढून घेतला आणि दुरुस्ती केली: आवाजावरून लक्षात आला व क्रमांकावरून पडताळला. बाई जरा हसल्या. मग त्यांनी स्वतः दोन्ही क्रमांक वाचले, वहीतली नोंद दुरुस्त करून आमच्या सह्या घेतल्या आणि दोन्ही बंदुका ज्याच्या त्याला दिल्या. हे सगळं सव्वा तासात झालं. काकांनी मुद्देमालाची तयारी म्हणून खोबरेल तेलाची बाटली आणली होती. ती पिशवीतच राहिली.

जाताना काका हवालदारांपाशी थांबले. हवालदार खाली बघत होते.

"टाके फार सुबक घातलात," काका म्हणाले. "आमच्या हिला दाखवायला पायजेत."

दसऱ्याच्या सकाळी खोळ पुन्हा उसवली गेली. डॉक्टरांचा नातू आला, गाल लावून झाला. आम्ही चहा घेत असताना पुलापलीकडचा तो शेतकरी खांद्यावर टोपली घेऊन आला. नव्या भाताचे पोहे होते, चांगले पायलीभर.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"बंदुकीचा वाटा," तो म्हणाला. "आठ बार काढले हिने माझ्या शेतात. औंदा एक लोंबी डुकराने खाल्ली नाय. मुंबईला गेलो म्हणून काय वाट्याची रीत विसरलो?"

 पोह्यांची टोपली काकांनी दोन्ही हातांनी घेतली, माजघरात नेली, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. इतकी वर्षं त्या बंदुकीला काका वाटा देत होते. डॉक्टरांच्या मागे तिने स्वतः कमावलेला हा पहिला होता. आल्यावर त्यांनी तो रिवाजाप्रमाणे माझ्या बायकोला दिला आणि मला म्हणाले, "चिपळूणला काडतुसं कुठं मिळतात?"

दुकानदाराने दोन सुटी काडतुसं दिली. बंदूक तपासून द्या, असा आग्रह मी धरला होता. त्याने नळ्यांतून आरपार बघितलं आणि म्हणाला, ठणठणीत आहे, फक्त डावीचं तोंड एका बाजूला जरासं दबलंय. मी काकांकडे पाहिलं. ते दुकानातलं कॅलेंडर बघत होते.

त्यांचं खालच्या मळ्यातलं, उशिरा पिकणारं गरवं भात अजून उभं होतं. ऊन उतरल्यावर आम्ही बांधावर गेलो. मी, पलीकडचा शेतकरी आणि हट्टाने आलेल्या काकू. काकांनी बोट ओलं करून वारा बघितला आणि बंदुकीला सांगितला. मग आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "निघायचं." झाडीत काहीतरी खसखसलं. शेतकऱ्याने त्यांचा खांदा नीट केला, नळी आभाळाकडे करून दिली. काकांनी उजवा चाप ओढला आणि बार झाला, सरळ, दणदणीत. झाडीतून तीन डुकरं निघाली आणि वरच्या रानाकडे पळाली. काकांनी डावा ओढला.

दुसऱ्या बाराने ते मागच्या मागे चिखलात बसले. बंदूक मात्र दोन्ही हातांनी वर धरलेली. आम्ही उचलायला धावलो, तर त्यांनी मान हलवून गप्प राहायला सांगितलं. आवाज समोरच्या डोंगरावरून परत येत होता. मी ऐकला. भांड्यावर टिचकी मारल्यासारखा सूर, बारीक, लांबत गेलेला. मी घड्याळ बघायला विसरलो, म्हणून किती सेकंद ते सांगता येत नाही.

"लुगडं द्या कुणीतरी पुसायला," काकू म्हणाल्या.

"मला पुसायला?" काकांनी विचारलं.

"तिला."

पौषात परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरायचा होता. त्याआधी दोनदा तो मीच भरला होता. काडतुसे किती वापरली, या रकान्यात दोन्ही वेळा शून्य लिहिलं होतं. या वेळी मी 'दोन' लिहिलं, अंकी आणि अक्षरी. काकांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. पुढचा रकाना कारणाचा होता. मी 'शेतसंरक्षण' असं लिहिलं.

"आणि?" काका म्हणाले.

"आणखी काही नाही. तेवढंच लिहायचं असतं."

"जागा हाय की."

जागा होती, अर्ध्या बोटाची. सरकारी अर्जात मी एक अक्षर जास्तीचं लिहू देत नाही, कार्यालयातले सगळे त्यावरून मला हसतात. काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चष्मा वर केला आणि सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: डावी गाते.

मी खाली साक्षीदाराची सही केली. या वेळी पडताळून.